आई-बाबा अमेरिकेला निघालेत? आधी तिकिटाकडे बघा

लांबच्या विमानप्रवासाची तयारी म्हटली की लोक मानेची उशी विकत घेतात. घ्या, काही बिघडत नाही. पण मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमानात पंधरा-सोळा तास काढायचे असतील, तर ते सुखाचे जाणार की हालाचे हे तिकीट काढताना आणि घरी बॅगा भरताना ठरतं. एकदा सीटवर बसलं की हातात फारसं काही उरत नाही. साठी-सत्तरीतल्या आई-बाबांचं तिकीट जी मुलं परदेशात बसून काढतात, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितोय.

पहिला घोळ तारखेचा. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि ०२:१० अशी वेळ असेल, तर घरातून निघायचं १४ तारखेला. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण १५ तारखेच्या रात्री बॅगा घेऊन विमानतळावर पोचणारी माणसं असतात. पुण्याहून निघायचं असेल तर उलटं मोजा: रात्री साडेदहापर्यंत टर्मिनलच्या दारात पोचायचं, चार तास रस्त्याचे, घाटातल्या ट्रॅफिकसाठी वर एक तास. म्हणजे गाडी १४ तारखेला संध्याकाळी साडेपाचला दारात हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं तिकीट पाठवू नका, ‘१४ तारखेला, संध्याकाळी साडेपाचला घर सोडायचं’ असं मराठीत लिहून पाठवा.

थेट विमान की मध्ये उतरायचं? दहा-पंधरा हजारांचा फरक असेल तर थेट घ्या. फरक त्याहून बराच मोठा असेल तर एक थांबा चालेल, पण दोन नकोत. थांबा अडीच ते साडेतीन तासांचा बघा. दीड तासाच्या थांब्यात पहिलं विमान पाऊण तास उशिरा आलं की पुढचं गेलंच, आणि सहा-सात तासांच्या थांब्यात पाठ-कंबर धरते. पूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर असावा. दोन वेगळी तिकिटं जोडून वाचवलेले पैसे पहिलं विमान चुकलं की सगळे बाहेर पडतात. अमेरिकेत उतरून पुढे देशांतर्गत विमान असेल तर आणखी एक गोष्ट: अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन झालं की बहुतेक वेळा चेक-इनच्या बॅगा पट्ट्यावरून स्वतः उचलून कस्टममधून न्यायच्या आणि पलीकडे परत द्यायच्या असतात. मुंबईच्या काउंटरवर ‘बॅगा शेवटपर्यंत जातील’ असं सांगितलं तरी हे करावं लागतंच. तिथे तीन तास हाताशी हवेत. अबू धाबीहून जाणाऱ्या काही विमानांना मात्र अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीतच होतं, मग अमेरिकेत उतरल्यावर रांग नाही. वयस्कर मंडळींसाठी ही मोठीच सोय आहे.

आता सीट. विमान कुठलं आहे ते बुकिंगच्या वेळी दिसतं. बोइंग ७७७ मध्ये बहुतेक कंपन्यांकडे ३-४-३ अशी रांग असते (तीन सीटा, वाट, चार सीटा, वाट, तीन सीटा), बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये ३-३-३, एअरबस ए३३० मध्ये २-४-२. नवरा-बायको दोघंच असतील तर ए३३० च्या कडेच्या दोन सीटा सगळ्यांत उत्तम, मध्ये परका माणूस येतच नाही. ३-४-३ मध्ये मधल्या चारांपैकी वाटेची आणि तिला लागून असलेली सीट घ्या. खिडकीचा मोह सोडा. रात्रीच्या विमानात खिडकीतून काळोख दिसतो, आणि दर तीन तासांनी बाथरूमला उठणाऱ्या माणसाला दोघांना उठवावं लागतं. पंखांच्या आसपास हेलकावे कमी जाणवतात, शेपटीकडे जास्त. शेवटच्या रांगेच्या सीटा अनेकदा मागे झुकत नाहीत आणि तिथे बाथरूमची रांगही लागते. भिंतीसमोरच्या पहिल्या रांगेत पाय पसरता येतात खरे, पण विमान सुटताना-उतरताना औषधांची पिशवी पायाशी ठेवू देत नाहीत, आणि लहान बाळांचे पाळणे तिथेच लावतात. आणीबाणीच्या दाराजवळची सीट म्हाताऱ्या माणसांना देत नाहीत, त्यामुळे ती बुक करून पैसे घालवू नका.

व्हीलचेअरबद्दल घरोघरी वाद होतात. ‘मी काय अपंग आहे का’ असं बाबा म्हणतात. चालता येणाऱ्यांसाठीही वेगळी सोय असते. विमान कंपन्यांचे कोड असे: डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिने चढता येतात, विमानात चालता येतं, पण टर्मिनलमधलं लांब अंतर झेपत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनेही नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंतही उचलून किंवा अरुंद खुर्चीवरून न्यावं लागतं. बहुतेक आई-बाबांना पहिला पुरतो. आणि चालायला काहीच अडचण नाही, फक्त इंग्रजीची आणि गेट शोधण्याची धास्ती आहे, तर ‘मीट अँड असिस्ट’ मागा, तिचा कोड एमएएएस. ही सोय मिळेल का आणि तिचे पैसे पडतात का, ते त्या कंपनीला विचारून घ्या. यातलं जे हवं ते निदान ४८ तास आधी बुकिंगमध्ये नोंदवून घ्या. व्हीलचेअरवाल्यांना विमानातून सहसा शेवटी उतरवतात, आणि मध्ये एखाद्या कक्षात बसवून ठेवतात. तिथे पाणी, बिस्किटं आणि बाथरूम यांची आठवण स्वतः करून द्यावी लागते.

जेवणासाठी नुसतं ‘व्हेज’ निवडलं तर उकडलेल्या भाज्या आणि पास्ता येऊ शकतो. भारतीय पद्धतीचं शाकाहारी हवं तर एव्हीएमएल हा कोड, जैन हवं तर व्हीजेएमएल, मांसाहारी पण गोमांस नको तर एचएनएमएल, मधुमेहींसाठी डीबीएमएल. एकादशी-चतुर्थी आली तर एफपीएमएल म्हणजे फळांचं ताट, उपासाला बिनधास्त चालतं. हे २४ तास आधी, काही कंपन्यांना त्याहूनही आधी सांगावं लागतं. घोटाळा इथे होतो: विमान बदललं, तारीख सरकली किंवा दुसरा टप्पा भागीदार कंपनीचा निघाला की नोंद गळून पडते. प्रत्येक बदलानंतर ती परत तपासा. विमानातलं जेवण बेचव लागतं याचा दोष सगळा आचाऱ्याचा नाही. कोरड्या हवेत आणि कमी दाबात मीठ आणि साखर जिभेला कमी लागते. थोडी शेंगदाण्याची सुकी चटणी जवळ असली की काम भागतं.

बॅगा भरताना मराठी घरात ज्या चुका हमखास होतात, त्या अशा.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इनच्या बॅगेत घालू नका. खोबऱ्यात तेल भरपूर असतं, आणि आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत ते मोडतं. स्कॅनरमध्ये वाटी दिसली की बॅग बाजूला काढतात आणि प्रवाशाला बोलावून उघडायला लावतात.

दुबई किंवा अबू धाबीवरून जाणार असाल तर खसखस अजिबात नको. संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते, नुसतं विमान बदलायला उतरलात तरीही. मसाल्याच्या डब्यातली पुडी काढून ठेवणं सोपं आहे. विसर पडतो तो फराळाचा: अनारशांना खसखस लावलेली असते आणि करंजीच्या सारणातही असते. दिवाळीचा डबा त्या वाटेने न्यायचा तर चकली, शेव, शंकरपाळे न्या. अनारसे मुलांनी तिकडेच करून खावेत.

अमेरिकेत ताजा कढीपत्ता आणि ताजे आंबे प्रवाशाला नेता येत नाहीत. बाकी खाण्याचं जे काही असेल ते कस्टमला सांगून टाका. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर ३०० डॉलर किंवा जास्त दंड होऊ शकतो. भाजणी, मेतकूट, सातूचं पीठ हे हातातल्या बॅगेत नको, कारण अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड असेल तर ती वेगळी तपासतात आणि समाधान झालं नाही तर ठेवून घेतात. लोणचं आणि तूप चेक-इनमध्येच, आणि बरणी काठोकाठ भरू नका. वर हवेचा दाब उतरतो, आतली हवा फुगते आणि झाकणाच्या आट्यांतून तेल बाहेर येतं. बरणीचा वरचा बोटभर भाग रिकामा, तोंडावर प्लास्टिकचा कागद, मग झाकण, मग दोन पिशव्या. बॅगेचं वजन २३ किलोची मर्यादा असेल तर घरच्या काट्यावर साडेबावीसला थांबवा.

पॉवर बँक मात्र उलट, ती फक्त हातातल्या बॅगेत. मर्यादा १०० वॉट-तासांची आहे: २०,००० एमएएचची ३.७ व्होल्टने साधारण ७४ वॉट-तास होते, म्हणजे चालते. छापील आकडे पुसले गेले असतील तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेऊ शकतात. बऱ्याच कंपन्या आता विमानात ती वापरू देत नाहीत. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून वापर बंद केला आहे. फोन घरूनच पूर्ण चार्ज करून निघा.

औषधं सगळी हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटांत, सोबत डॉक्टरांचं इंग्रजी प्रिस्क्रिप्शन ज्यात औषधाचं मूळ रासायनिक नाव आहे. इन्सुलिन कधीही चेक-इनला देऊ नका. गोठलं तर वाया जातं. एका कागदावर मोठ्या अक्षरात फ्लाइट नंबर, मुलाचा पत्ता, फोन, राहण्याचे दिवस आणि परतीची तारीख इंग्रजीत लिहून पासपोर्टमध्ये ठेवा. फोन बंद पडतो, कागद पडत नाही.

विमानात बसल्यावर करायच्या गोष्टी थोड्या आहेत. पहाटे दोनला सुटणाऱ्या विमानात तीन-साडेतीनला जेवण येतं. घरून जेवून निघा, ते जेवण नको सांगून झोपा. मधुमेहाची औषधं चालू असतील तर हे आधी डॉक्टरांना विचारून. सीटबेल्ट पांघरुणाच्या वरून लावा. हेलकावे सुरू झाले की कर्मचारी बेल्ट तपासतात, आणि तो पांघरुणाखाली असेल तर झोपेतून उठवतात.

केबिनमधली हवा साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावी इतकी विरळ असते, आणि दमटपणा १० ते २० टक्केच. म्हणून घसा-डोळे कोरडे पडतात, आणि पोटातला वायू पाव पटीहून जास्त फुगतो. आदल्या दिवशी राजमा-छोले, आणि विमानात सोडा टाळा. बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणी न पिणं ही आपल्या आयांची जुनी सवय आहे. रिकामी बाटली सुरक्षा तपासणीतून न्या, पलीकडे भरा, दर तासाला थोडं थोडं प्या.

बाथरूमचं दार बहुतेक वेळा बाहेर ओढायचं नसतं, मधोमध आत ढकललं की ते घडी होतं. आत गेल्यावर कडी सरकवली की मोठा दिवा लागतो. दिवा मंद असेल तर कडी लागलेली नाही. पाण्याचा जेट नसतो, कागदी पेला किंवा छोटी बाटली बरोबर न्या. चप्पल घालूनच जा. फरशीवरचं ओलं नेहमी पाणीच असतं असं नाही. गर्दी जेवणानंतर होते, म्हणून ट्रॉली येण्याआधी जाऊन या.

चार तासांहून लांब प्रवासात पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. दर अर्ध्या तासाने बसल्या जागी टाचा वीस वेळा उचला, दोन तासांनी उठून चक्कर मारा, पायावर पाय टाकून झोपू नका. नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल, पूर्वी गुठळी झालेली असेल, तर गुडघ्याखालचे घट्ट मोजे डॉक्टरांना विचारून घ्या, घोट्याचं आणि पोटरीचं माप देऊन. पायांचा रक्तपुरवठाच कमी असेल तर तेच मोजे अपाय करतात. पाय सुजतात म्हणून नवे बूट या प्रवासाला नकोत. वेलक्रोचे जुने बरे.

कान उतरताना दुखतात, चढताना कमी. विमान खाली यायला लागतं ते जमिनीला टेकण्याच्या अर्धा तास आधी, आणि नेमकी तेव्हाच माणसं गाढ झोपलेली असतात. त्यांना उठवा. लिमलेटची गोळी चघळा, आवंढा गिळा. नाक चिमटीत धरून तोंड मिटून हलकेच हवा ढकला, जोर लावू नका. सर्दी असेल तर नाकात मारायचा स्प्रे उतरण्याआधी अर्धा तास, रक्तदाबवाल्यांनी तो डॉक्टरांना विचारून.

न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे आहे. पोचल्यावर दुपारी दोन वाजता शरीराला मध्यरात्र वाटते, आणि नेमकं तेव्हाच सोफा समोर असतो. त्या वेळी उन्हात चालायला न्या आणि आठ-साडेआठपर्यंत जागं ठेवा. पहिल्या काही रात्री दोन-तीनला जाग येणार हे धरून चाला, स्वयंपाकघरात चहाचं सामान दिसेल असं ठेवा. भारतात परतताना हा त्रास जास्त दिवस टिकतो, कारण पूर्वेकडे जाताना घड्याळ पुढे ढकलावं लागतं आणि शरीराला ते जड जातं. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात लग्न-मुंज ठरवू नका. गोळ्यांच्या वेळांचं कोष्टक निघण्याआधी डॉक्टरांकडून करून घ्या: प्रवासाच्या दिवशी कुठली गोळी कुठल्या देशाच्या घड्याळाप्रमाणे घ्यायची, आणि दोन डोसांत कमीत कमी किती तास सोडायचे.