एकाच नावाची मंदिरं, एकाच मंदिराची अनेक नावं

चीनमधल्या जुन्या धर्मस्थळांचा डेटाबेस करायला घेतला आणि पहिल्याच आठवड्यात माती खाल्ली. मंदिराचं नाव हीच मी मुख्य की, म्हणजे प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख, ठरवली होती. जुनी स्थानिक गॅझेटियरं वाचून नोंदी भरत गेलो, तर 'काययुआन' नावाची प्रत्येक नवी नोंद सिस्टीम दुबार म्हणून परत पाठवायची. चूक माझीच. इ.स. ७३८मध्ये तांग घराण्याच्या सम्राट श्वानझोंगने प्रत्येक जिल्ह्यात एक काययुआन मठ असावा, असा हुकूम काढला होता. म्हणजे आपल्याकडे नुसतं 'मारुती मंदिर' लिहून कुरिअर पाठवण्यातला प्रकार!

उलटा घोळही होताच. च्वानझौ शहरातला काययुआन मठ ६८६मध्ये स्थापन झाला तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं. हांगझौ शहरातल्या लिंगयिन मठाला कांग्शी सम्राटाने १६८९मध्ये 'युनलिन' नाव दिलं. दारावर पाटी 'युनलिन'चीच, पण लोक अजून लिंगयिनच म्हणतात. आमच्या मार्गदर्शक बाईंनी माझा तक्ता बघून एवढंच म्हटलं, "अरे, नावं वेगळ्या तक्त्यात टाक आणि प्रत्येक नावापुढे कधीपासून-कधीपर्यंत लिही." दोन महिन्यांचं काम पुन्हा केलं.

जागांनी तर घाम काढला. गॅझेटियरात पत्ता असतो 'तालुक्याच्या ठाण्यापासून पश्चिमेला तीन ली'. एक ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर. पण ठाणंच मध्यंतरी हललेलं असलं तर मोजायचं कुठून? जी मंदिरं आजही उभी आहेत, त्यांचे अक्षांश-रेखांश चिनी नकाशावरून उचलले, तर लिंगयिनचा ठिपका समोरच्या डोंगरात! तिथले नकाशे जीसीजे-०२ पद्धतीचे असतात. जीपीएसच्या आकड्यांपेक्षा काहीशे मीटर सरकलेले. सगळे आकडे बदलून घेतले आणि 'खात्री' असा रकाना वाढवला: नक्की, अंदाजे, फक्त तालुका माहीत.

शेवटची अडचण मात्र गोड होती. च्वानझौच्या त्याच मठात मुख्य सभागृहाच्या मागे दोन दगडी खांब आहेत, त्यांवर कृष्ण आणि विष्णू कोरलेले. युआन घराण्याच्या काळात (तेरावं-चौदावं शतक) च्वानझौमध्ये तमिळ व्यापाऱ्यांची वस्ती होती. तेव्हाच्या, आता नाहीशा झालेल्या हिंदू देवळाचे हे खांब. मी त्या देवळाची स्वतंत्र नोंद केली. नाव: रिकामं. जागा: च्वानझौ, अंदाजे. 'धर्म'च्या यादीत बौद्ध, ताओ, लोकदैवत, इस्लाम, ख्रिस्ती एवढंच होतं. खाली आणखी एक पर्याय वाढवला.