खताच्या पोत्याचा दोरा आणि तिसरा खर्डा

गुढीपाडव्याला ठरवलं होतं, दिवाळीपर्यंत नऊ गोष्टी लिहायच्या. कार्तिक लागला तेव्हा चार झाल्या होत्या, पाचवी अर्धी. आकडा कमी आहे, पण चौथी गोष्ट लिहिताना जे हाती लागलं ते आधीच्या तीन वर्षांत लागलं नव्हतं. म्हणून या खेपेची नोंद जवळजवळ सगळी तिच्याबद्दलच आहे.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं, कोरडवाहू कापसाचं गाव. फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याला ९६वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा एसटीनं एक दिवस जाऊन आले. परत येताना वही काढली आणि लिहायला लागले. आता पंचावन्नावं चालू आहे. विषय पहिल्या दिवसापासून एकच: आमच्या घरची काटकसर.

चौथी गोष्ट वहीची. शाळेचा निकाल लागला की माय आम्हा तिघा भावंडांच्या जुन्या वह्या घेऊन बसायची. मागची कोरी पानं हलक्या हातानं सोडवायची, एकावर एक रचायची, मधे दुमडायची आणि दाभणानं शिवायची. वर जुन्या कॅलेंडरचं जाड पान. त्या वहीत दुरेघी, चाररेघी, गणिताच्या चौकटी सगळं एकत्र असायचं. माझा पावसाळ्यावरचा निबंध दोन रेघांमध्ये सुरू व्हायचा आणि चौकटींमध्ये संपायचा. कच्च्या कामाचं पान तर दोनदा वापरायचं, आधी पेन्सिलीनं आणि मग त्याच्यावरच पेननं. शाई संपली तर बाकावरच्या मैत्रिणीकडून थेंब मोजून उसने घ्यायचे. ते थेंब आठवणीनं फेडलेही जायचे.

पहिला खर्डा एकोणीसशे शब्दांचा झाला. मला तो फार आवडला होता. एका दिवाळी अंकाला पाठवला, तो दोन ओळींच्या पत्रासोबत परत आला. वाईट वाटलं. पण पुन्हा वाचल्यावर दिसलं की त्यात ‘गरीब’ हा शब्द अकरा वेळा आहे. चिमणीच्या उजेडात, डोळे पुशीत माय वही शिवते, असा शेवट होता. दुसऱ्या खर्ड्यात शब्द कमी केले, पण रडणं तसंच राहिलं.

मग आषाढात चार दिवस माहेरी गेले आणि मायला वाचून दाखवला. ती आता शहात्तर वर्षांची आहे. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, ‘‘मी रातच्यानं काहून शिवत बसन वं? घासलेट का फुकट होतं? दिवसा शिवो आपण, जेवणं झाल्यावर, ओट्यावर.’’

आणि मग, ‘‘रडाले टाइम कोठी होता आमाले?’’

पुढचा तासभर ती एकेक चूक काढत गेली. मी लिहिलं होतं, मायनं कात्रीनं खताच्या पोत्याची शिवण कापून दोरा घेतला. ते तिला मुळीच पटलं नाही. पोत्याची शिवण साखळीसारखी असते. बरोबर टोक सापडलं तर एका ओढीत सगळी उसवते आणि दोरा अख्खा हातात येतो. चुकीच्या बाजूनं ओढलं तर गाठ बसते. कापला तर तुकडे, आणि पोत्याच्या तोंडाची नासाडी वेगळीच. पोतं तर हवंच होतं. एक कोपरा दुसऱ्यात सारला की पावसात डोक्यावर घ्यायची खोळ होते. ती वावरात निंदणाला जाताना लागायची.

‘‘टोक कोन्त्या बाजूचं?’’ मी विचारलं. तिनं हातानं दाखवलं, पण मला कळेना. शेवटी भावानं गोठ्यातून एक बंद पोतं आणलं. मायनं शिवण अंगठ्यानं चाचपली, एक टाका सोडवला आणि ओढलं. सर्र आवाज आला. तो आवाज मी चाळीस वर्षं विसरले होते. पहिल्या दोन खर्ड्यांत तो नव्हताच.

त्या दुपारी मला कळलं की मी चुकीची गोष्ट लिहीत होते. मी आमचं नसणं लिहीत होते. मायला येत होतं ते वेगळंच होतं: कोणती वस्तू कधी सोडवायची, कुठून ओढायची, तिचा पुढचा उपयोग काय. ती एक विद्या होती आणि तिला क्रम होता. तो क्रम नीट लिहिला की मला वेगळं काही सांगावं लागत नाही. तिसरा खर्डा बाराशे शब्दांचा आहे. ‘गरीब’ एकदाही नाही. वही दिवसा शिवली जाते, चैत्रात, ओट्यावर.

एक तुकडा मात्र गाळताना जीवावर आलं. शेतकऱ्याचा सगळा कापूस सरकारनंच विकत घ्यायचा, अशी कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ साली सुरू झाली, त्यावर मी अर्धं पान लिहिलं होतं. बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची रांग, कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर, हप्त्यांनी येणारे चुकारे, म्हणजे कापसाचे पैसे, सगळं. ते महत्त्वाचं आहे, कारण वर्षाचा पैसा कापसातूनच यायचा आणि एका चुकाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत घर ओढून न्यायचं म्हणजेच आमची काटकसर. पण गोष्टीत ते पान बातमीसारखं वाटत होतं. आता तिथं एवढंच आहे की बाबा रिकामी बंडी घेऊन संध्याकाळी येतात, बैल सोडतात आणि म्हणतात, ‘‘हप्त्यानं देतीन म्हनते.’’ माय काही न बोलता जुन्या वह्या काढते.

बोलीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणं वऱ्हाडीत, एवढं पक्कं केलं आहे. पण माय ‘शाळा’ म्हणत नाही, ‘शाया’ म्हणते. डोळ्याला ‘डोया’, पोळ्याला ‘पोया’. तसंच लिहिलं तर बाहेरचा वाचक अडखळेल, आणि ‘ळ’ लिहिला तर तो मायचा आवाज राहत नाही. सध्या जिथं संदर्भावरून शब्द सहज कळतो तिथं ‘य’ ठेवते. विदर्भाच्या पूर्वेला, झाडीपट्टीत, ‘ळ’चा ‘र’ होतो. तिकडचं लिहिणाऱ्यांनी हे कसं सोडवलं ते मला मनापासून जाणून घ्यायचं आहे. फोनला बोलून लिहायचा प्रयत्न केला, पण तो ‘मले’चं ‘मला’ करून टाकतो. त्यामुळे पहिला खर्डा हातानंच, मुलांच्या वह्यांच्या उरलेल्या पानांवर.

बाकी तिन्हींबद्दल थोडक्यात. अंबाडीची गोष्ट पूर्ण आहे आणि मला ती सगळ्यांत जास्त आवडते: पाल्याची कण्या घालून भाजी, बोंडांची चटणी, देठ पाण्यात सडवून काढलेला वाख, म्हणजे धागा, त्याचे बैलांसाठी वळलेले दोर, आणि उरलेल्या काड्या चुलीत. एकाच झाडावर अख्खी गोष्ट उभी राहते. जुन्या पुस्तकांच्या अर्ध्या किमतीची गोष्ट बरी आहे, शेवट घाईत झाला. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची गोष्ट बाजूला ठेवली आहे. तिच्यात अजून रडणं आहे.

पाचवी विस्तवाची. काडीपेटी वाचावी म्हणून सकाळी शेजारच्या चुलीतून विस्तव मागून आणायचा. निखारा गोवरीच्या तुकड्यावर ठेवून मी तीन घरं ओलांडून यायचे, हे पक्कं आठवतं. पण हात भाजायचा कसा नाही, गोवरी कशी धरायची, वाऱ्यात निखारा विझू नये म्हणून काय करायचं, हे लिहायला बसले की पुढे जाता येत नाही. तीन वाक्यं लिहिली आणि खोडली.

रविवारी माय करून दाखवणार आहे. दोन वाळलेल्या गोवऱ्या मी आणून ठेवल्या आहेत.