थुनारच्या राइट-क्लिकमधून फोटो छोटे: आत्तापर्यंतची प्रगती

राजगडाच्या ट्रेकचे फोटो ग्रुपवर टाकायचे म्हणजे दरवेळी टर्मिनल उघडा, फोल्डरमध्ये जा, इमेजमॅजिकची मॉग्रिफाय (फोटोंचं माप बदलणारी कमांड) चालवा. हे सगळं लिनक्सच्या एक्सएफसीई डेस्कटॉपवरच्या थुनार या फाइल मॅनेजरमधूनच, राइट-क्लिकवर व्हावं, एवढाच बेत होता.

पहिला शनिवार. एडिट मेन्यूत 'कस्टम अ‍ॅक्शन्स' आहे. तिथे नाव, कमांड आणि कोणत्या फाइल्सवर दिसावं ते द्यायचं. मी फक्त इमेज फाइल्सवर टिक केली. कमांडमध्ये टक्क्याचं चिन्ह आणि लहान एफ म्हणजे निवडलेली पहिली फाइल, मोठा एफ म्हणजे निवडलेल्या सगळ्या. भोवती अवतरण लावू नका, ते थुनार स्वतः लावतो, म्हणून 'संजीवनी माची ३' असल्या मोकळ्या जागांच्या नावांनीही काही अडलं नाही. मॉग्रिफाय मूळ फोटोवरच लिहिते हे ठाऊक होतं, त्यामुळे पाथच्या ऑप्शनने 'छोटे' नावाचं फोल्डर दिलं. कमांड निवडलेल्या फाइल्सच्याच फोल्डरमध्ये चालते, तेव्हा पूर्ण पत्ता लागत नाही.

चालवलं. छोटे फोटो झाले, पण एक कमी. 'पद्मावती माची १' छोट्यांत नव्हताच, आणि मूळ फाइल शून्य बाइट! फोनमध्ये होता म्हणून वाचलो.

दुसरा शनिवार. या वेळी कॉपीवर. कमांडच्या आधी एको लावला (म्हणजे ती चालत नाही, नुसती छापली जाते) आणि आउटपुट झेनिटीच्या, म्हणजे मजकूर दाखवणाऱ्या छोट्या खिडकीकडे वळवलं. खिडकी आली ती कोरी. पुन्हा पहिलाच फोटो बिघडलेला, पण आता त्यात काहीशे बाइट होते. टेक्स्ट एडिटरमध्ये उघडला तर आत माझीच कमांड, त्या एका फोटोचं नाव सोडून बाकी सगळी नावं!

मग ट्यूब पेटली. '१६०० बाय १६००' च्या पुढे > लिहिलं होतं, म्हणजे त्याहून मोठे असतील तेच फोटो लहान कर. थुनार कमांड शेलकडे (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे) देतो, आणि शेलला > म्हणजे 'आउटपुट पुढच्या फाइलमध्ये लिही'. पुढची फाइल म्हणजे निवडलेला पहिला फोटो. टर्मिनलवर हे माप मी हाताच्या सवयीने अवतरणात लिहितो. इथे नुसता कमांडचा रकाना भरायचा होता, म्हणून विसरलो. (थुनारची यात काही चूक नाही.)

आता माप एकेरी अवतरणात आहे. सुरुवातीला 'छोटे' फोल्डर नसेल तर बनवणारी एमकेडिर, शेवटी पडद्यावर सूचना दाखवणारी नोटिफाय-सेंड. नाहीतर काम झालं की फसलं ते कळतच नाही, कारण एररला दिसायला टर्मिनल नसतं.

काल ४२ फोटो एका क्लिकमध्ये झाले, पद्मावतीसकट. या अ‍ॅक्शन्स होममधल्या कॉन्फिगच्या थुनार फोल्डरात, 'यूसीए' नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये राहतात. ती आज दुसऱ्या लॅपटॉपवर टाकतोय.