आईचं कालवाचं कार्ड

2024च्या मे महिन्यात आईला घेऊन आठ दिवस लंडनला गेलो होतो. टॉवर, संग्रहालय, राजवाड्यासमोरचे पहारेकरी, सगळं रीतसर झालं. फोटो घरच्या ग्रुपवर पडलेत. मला लिहायचंय ते 15 नंबरच्या बसबद्दल.

माझ्याकडे बँकेचं टॅप करायचं कार्ड होतं. आईकडे कुठलं असणार? एका कार्डावर दोघांनी जायची सोय तिथं नाही, माणशी एक कार्ड लागतं. म्हणून तिला 'ऑयस्टर' घेऊन दिलं, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं लंडनच्या बस-रेल्वेचं कार्ड. 2003पासूनचं हे निळं कार्ड. "ऑयस्टर म्हणजे आपली कालवं ना?" ती मालवणची. लहानपणी ओहोटीला खडकावरची कालवं फोडून आणलेली बाई. त्या दिवसापासून ते 'कालवाचं कार्ड' झालं.

ट्रॅफल्गर चौकात बसमध्ये चढलो. पिवळ्या चकतीवर कार्ड टेकवलं, पीं वाजलं. वर जाऊन पहिल्याच बाकावर बसलो. खाली फ्लीट स्ट्रीट सरकत होता, समोर सेंट पॉलचा घुमट दिसायला लागला होता, पण आईचं लक्ष जिन्याकडे.

"तिकीट खंय?"

"तिकीट नसतं गं इथं. कार्ड लावलं ना आपण?"

"मगे तपासणारो इलो तर काय दाखवतलंस?"

काळजी वाटली की तिची मालवणी बाहेर येते. लग्नानंतर तीस वर्षं तिनं गिरगावात बेस्टच्या बसनं प्रवास केला. कंडक्टरचा तो चिमटा टकटक वाजायचा आणि तिकिटाची गुंडाळी बांगडीत खोचली की झालं. हातात कागद नाही म्हणजे विनातिकीट, हे तिच्या हाडात मुरलेलं. नुसत्या पीं आवाजावर तिचा भरवसा बसेना. मी समजावलं की इथल्या बसमध्ये 2014पासून रोख पैसे घेतच नाहीत, सगळे असेच बसतात. "सगळे बसतील रे. पकडतील आपल्यालाच."

आणि खरंच गणवेशातली एक बाई जिना चढून वर आली.

आईनं पर्समधून कार्ड काढलं आणि उजव्या हाताला डावा हात लावून, दक्षिणा द्यावी तसं पुढं केलं. बाईनं हातातल्या यंत्रावर टेकवलं, पाहिलं, "लव्हली, थँक यू" म्हणाली. मग माझं टेकवलं. ऑयस्टरमध्ये शिल्लक आणि कालपरवाचे प्रवास कार्डातच नोंदलेले असतात, ते तिथल्या तिथं दिसतात. बँकेच्या कार्डात तसं काही लिहिलं जात नाही. हिशेब रात्री त्यांच्या संगणकावर होतो आणि खरंखोटं नंतर कळतं. हे मी आईला सांगायला नको होतं.

"म्हणजे माझं तिकीट खरं, तुझं उधारीचं." मग कुठं तिनं घुमटाकडे पाहिलं. तो मागे पडला होता.

पुढचे दिवस तिचेच. बसचं भाडं तेव्हा पावणेदोन पौंड, पण पहिल्या टॅपपासून तासाभरात पुढच्या बस फुकट, हे कळल्यावर तिनं मला अक्षरशः पळवलं. चित्रांच्या दालनात आम्ही 34 मिनिटं होतो, कारण 35व्या मिनिटाला निघालो नसतो तर "पुन्हा पैसे". बससाठी दिवसाला सव्वापाच पौंडांच्या वर पैसे कापतच नाहीत, हे मी दोनदा सांगितलं. ऐकलं नाही. "आमच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, यांच्याकडे नाही का?" हेही विचारून झालं.

फजिती झाली ती माझी. ग्रिनिचला डीएलआरनं, म्हणजे तिथल्या छोट्या शहरी रेल्वेनं, गेलो. तिथल्या बहुतेक स्थानकांवर फाटकं नसतात, बाहेर पडताना खांबावरच्या चकतीला आपणहून कार्ड लावायचं असतं. मी गप्पांच्या नादात सरळ चालत सुटलो. बसमध्ये उतरताना लावायचं नाही, रेल्वेत लावायचंच, हे आईला पढवणारा मीच. न लावल्याबद्दल जास्तीत जास्त भाडं कापलं गेलं. आईनं मात्र न विसरता लावलं होतं. मला का नाही सांगितलंस, विचारलं तर म्हणाली, "तुझं उधारीचं ना, मला वाटलं त्याला लागत नसेल."

परतताना हीथ्रोला म्हटलं, शिल्लक मशीनमधून परत घेऊ.

"किती आहे?"

"चार पौंड तीस. साडेचारशे रुपये धर."

ती थांबली. साडेचारशेत मालवणच्या बाजारात किती कालवं येतील, हा हिशेब तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. मग तिनं कार्ड एसटीच्या पासाशेजारच्या कप्प्यात सरकवलं आणि पर्सची चेन ओढली.