जिन्याखालचा फळा

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा डोळ्यांपुढे वर्ग आला नाही, मैदान आलं नाही. आला तो जिन्याखालचा फळा. मुख्याध्यापकांच्या खोलीकडे जाताना डाव्या हाताला, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. त्यावर रोज दिनविशेष लिहिला जायचा. आठवीत, म्हणजे १९८१-८२ साली, ते काम माझ्याकडे होतं.

प्रार्थनेच्या आधी दहा मिनिटं यायचं, ओल्या फडक्यानं फळा पुसायचा, पिवळ्या खडूनं तारीख आणि पांढऱ्यानं मजकूर. मग परिपाठात तोच वाचून दाखवायचा. इतिहासाच्या बाईंचा एक नियम होता: दोन वेगवेगळ्या ठिकाणी सापडल्याशिवाय एकही ओळ फळ्यावर चढणार नाही. वर्तमानपत्रात आलं, तरी दुसरं पुस्तक उघडून बघायचंच.

१ ऑगस्ट १९८१ ला शनिवार होता, सकाळची शाळा. लालबाग-परळला पाऊस लागला की जिन्याखाली ओल्या छत्र्यांचा ढीग पडायचा, तसा त्या दिवशीही पडला होता. मी लिहिलं, ‘लोकमान्य टिळक यांची पुण्यतिथी, १९२०’. हे शोधावं लागतच नव्हतं. त्या दिवशी वर्गावर्गांत भाषणं व्हायची आणि प्रत्येक भाषणात शेंगांची टरफलं यायचीच. मी खडू खाली ठेवला, तेवढ्यात घंटेपाशी उभे असलेले शिपाईमामा म्हणाले, "बाई, अण्णाभाऊ ऱ्हायले की. आज जयंती हाय त्यांची."

मामा सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्याचे. अण्णाभाऊ साठ्यांचं वाटेगाव त्याच तालुक्यातलं. मामांनी तरुणपणी त्यांचा कार्यक्रम कामगार वस्तीत, जमिनीवर बसून पाहिला होता. बाई क्षणभर थांबल्या. मग मला म्हणाल्या, "टिळकांच्या खाली एक ओळ मोकळी सोड. दोन ठिकाणी बघू, मग लिहू."

ती मोकळी ओळ शाळा सुटेपर्यंत तशीच होती. मामा येता-जाता तिच्याकडे बघत होते, हे मला आजही दिसतं.

सोमवारी शाळा सुटल्यावर बाई आम्हा पाच जणांना घेऊन दादरला नायगावातल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात गेल्या. एवढी पुस्तकं एकत्र मी पहिल्यांदा पाहिली. अण्णाभाऊ तासाभरात सापडले, दोन पुस्तकांत: जन्म १ ऑगस्ट १९२०. मी साल पुन्हा वाचलं. टिळक गेले तेही १९२०. दिवसच नव्हे, सालसुद्धा तेच! क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात मध्यरात्र उलटल्यावर लोकमान्यांनी प्राण सोडला, आणि त्याच तारखेला वाटेगावात मातंग समाजातल्या एका घरात मूल जन्मलं. गांधीजींनी असहकाराची चळवळ सुरू केली तीही त्याच दिवशी. ‘कैसर-ए-हिंद’ पदक परत करत असल्याचं त्यांचं व्हाइसरॉयना लिहिलेलं पत्र त्याच तारखेचं आहे.

मंगळवारी, ४ ऑगस्टला, आमच्या फळ्यावर पुन्हा १ ऑगस्ट लागला. बाईंनी मुख्याध्यापकांची परवानगी काढली होती. मोकळी ओळ भरली. मामांनी घंटा दिली आणि फळ्यासमोर येऊन ती ओळ हळूहळू, अक्षर लावून वाचली.

मग त्या एका तारखेनं वर्गाला झपाटलंच. विज्ञानाच्या सरांनी जोसेफ प्रीस्टलीचं नाव दिलं. १ ऑगस्ट १७७४ ला त्यानं भिंगातून ऊन एकवटून पाऱ्याची तांबडी भुकटी तापवली, निघालेला वायू गोळा केला, आणि त्यात मेणबत्ती भलतीच तेजानं जळली. तो प्राणवायू होता. कुणी आणलं की पहिल्या महायुद्धात जर्मनीनं रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं ते १ ऑगस्ट १९१४ ला. कुणी बर्लिनचं १९३६ चं ऑलिंपिक आणलं.

मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याला इतिहासात कधी रस नव्हता, त्यानं फ्रँक वॉरेल आणला. जन्म १ ऑगस्ट १९२४, बार्बाडोस. वेस्ट इंडिजच्या संघाचं अख्ख्या मालिकेसाठी कर्णधारपद मिळालेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर. १९६२ साली बार्बाडोसमध्ये ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागून आपला नरी कॉन्ट्रॅक्टर मरणाच्या दारात होता, तेव्हा त्याला रक्त देणाऱ्यांत वॉरेल होता. हे सांगताना तो मुलगा बाकावरून उभाच राहिला होता. आणि त्याच आठवड्यात वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीच्या हाती लागलं, की ब्रिटिश साम्राज्याच्या बहुतेक वसाहतींत गुलामगिरी बंद करणारा कायदा अमलात आला तो १ ऑगस्ट १८३४ ला. कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांतल्या गुलामांची खरी सुटका मात्र आणखी चार वर्षांनी झाली, तीही १ ऑगस्टलाच, १८३८ साली. बाईंनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या आणि वॉरेलवाल्या मुलाला नकाशावर बार्बाडोस दाखवायला सांगितलं. त्यानं बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

पुढच्या शनिवारच्या भाषणात मी मोठ्या आवेशानं म्हणाले, की टिळकांचा आत्माच अण्णाभाऊंच्या रूपानं परत आला. टाळ्या पडल्या. बाईंनी वाजवली नाही. वर्गात म्हणाल्या, "तारीख एक आली म्हणून नातं जुळत नाही. प्रीस्टलीचं आणि टिळकांचं काय नातं? काही नाही, आणि ते जोडायचंही नाही. पण या दोघांमध्ये खरंच काही होतं का, ते शोध की."

मला वाईट वाटलं होतं, पण शोधलं. आणि जे मिळालं ते थेट आमच्या वस्तीतलं होतं. २२ जुलै १९०८ ला मुंबईच्या हायकोर्टात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मंडालेला नेलं ते तीच भोगायला. त्यावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी गिरण्या बंद पाडल्या. सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप, एका वर्षाला एक दिवस. गोळीबार झाला, माणसं मेली, तरी सहा दिवस भोंग्यांना कुणी दाद दिली नाही. आणि अण्णाभाऊ? वाटेगावहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेला मुलगा. मामा सांगायचे, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते अक्षर शिकले. पुढे गिरणीत काम केलं, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक काढलं आणि गिरणगावातल्या त्याच कामगारांपुढे उभं राहून गायले. त्यांच्या ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा ते घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहत होते. टिळकांसाठी ज्यांनी सहा दिवस चूल पेटवली नाही, त्यांच्याच पुढच्या पिढीचे हे शाहीर. हे नातं मला आत्म्याच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठं वाटलं. अजूनही वाटतं.

आमच्या चाळीत एक वृद्ध आजोबा होते. त्यांनी लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून टिळकांची अंत्ययात्रा पाहिली होती. पाऊस कोसळत होता, एवढंच ते सांगायचे. गिरगाव चौपाटीपर्यंत काळ्या छत्र्यांखेरीज त्यांना काही दिसलं नव्हतं. बाईंचा दोन पुस्तकांचा नियम इथे लागू नव्हता, म्हणून ते फळ्यावर आलं नाही. इथे लिहून ठेवते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. माझे वडील गिरणीत होते. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील गिरणीत होते. जूनमध्ये काही बाक रिकामे झाले, मुलं गावी गेली ती आलीच नाहीत. वॉरेलवाला मुलगा त्यांतलाच. आमच्याकडे वह्या नव्या आल्या नाहीत. जुन्या वह्यांची कोरी पानं आईनं एकत्र शिवली. बाईंनी कुणाला काही विचारलं नाही, पण त्यांच्या कपाटातून खडू, पेन्सिली, कधी चिवड्याची पुडी निघायची.

त्या वर्षी १ ऑगस्ट रविवारी आला. शाळा बंद, म्हणजे फळाही बंद. मला राहवेना. खिशात खडूचा तुकडा होता. मी खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला पिवळी नाही तर पांढरीच तारीख लिहिली. टिळक, अण्णाभाऊ, प्रीस्टली, वॉरेल, गुलामांची सुटका. आणि टिळकांच्या ओळीपुढे कंसात, ‘१९०८, गिरणी कामगारांचा सहा दिवसांचा संप’.

वडील खाटेवर बसून बघत होते. माझ्या शाळेत ते कधी आले नव्हते; जिन्याखालचा फळा त्यांनी पाहिलेला नव्हता. उठून दारापाशी आले आणि सगळं सावकाश वाचलं. प्रीस्टली कोण ते विचारलं, मी सांगितलं. मग ‘सहा दिवस’वर बोट ठेवून म्हणाले, "आमचा आज एकशे शहाण्णवावा."

त्यांनी माझ्या हातातून खडू घेतला आणि त्या ओळीखाली, सगळ्यात शेवटी, मोठ्या अक्षरात १९६ लिहिलं.