लॉकअप क्लचची थरथर: मिसफायर बाद, ऑइल बदललं, आता नंबर व्हॉल्व्ह बॉडीचा

तर माझ्या ऑटोमॅटिक गाडीच्या कामाची सध्याची स्थिती अशी, की थरथर टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉकअप क्लचचीच (त्या दोघांना थेट जोडणारा क्लच) आहे हे नक्की झालंय, इंजिनचा काही संबंध नाही. गिअरबॉक्सचं ऑइल बदलून बराच फरक पडला पण पूर्ण गेली नाही. कसं शोधलं ते सविस्तर लिहितो कारण हीच लक्षणं ऐकून लोक सरळ कन्व्हर्टर बदलायला निघतात, आणि त्यासाठी अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. तेवढं करायच्या आधी बघण्यासारखं खूप असतं.

लक्षण असं: ६० ते ८० चा स्पीड, वरचा गिअर, हलका अ‍ॅक्सिलरेटर, रस्त्याला किंचित चढ. गाडी दोन-तीन सेकंद रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरते आणि शांत होते. पाय जोरात दाबला की लगेच गायब! ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) असता तर लोड वाढल्यावर तो बहुतेक वेळा अजून वाढला असता, इथे उलटं होतंय. जास्त थ्रॉटल दिला की टीसीएम (गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर) लॉकअप सोडतो आणि क्लच सुटला की थरथरही सुटते. तरी खात्रीसाठी स्कॅनरवर सिलिंडरवार मिसफायर काउंट बघितला, सगळीकडे शून्य.

मग ब्रेकची टेस्ट. थरथर चालू असताना अ‍ॅक्सिलरेटर आहे तिथेच ठेवायचा आणि डाव्या पायाने ब्रेक पेडल फक्त इतकं टेकवायचं की ब्रेक लाइटचा स्विच लागेल, प्रत्यक्ष ब्रेक लागता कामा नये. स्विच लागला की लॉकअप सुटतो, आरपीएम दोनतीनशेने वर जातो आणि थरथर त्याच क्षणी थांबते. थांबली तर क्लच, नाही थांबली तर इंजिन, माउंट, ड्राइव्ह शाफ्ट, टायर यांच्याकडे बघा. फक्त लक्षात असू द्या, बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये दोन्ही पेडल एकत्र दाबली की इंजिनची पॉवरच कापली जाते, म्हणून पाय अगदी हलका. मोकळा, सरळ रस्ता आणि मागे कोणी नाही हे बघूनच करा, आणि डाव्या पायाची सवय नसेल तर करूच नका.

खरा पुरावा मात्र स्लिपच्या ग्राफमध्ये मिळाला. स्लिप म्हणजे इंजिनचा आरपीएम वजा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा आरपीएम. पूर्ण लॉक असेल तर दोन्ही जवळपास सारखे, आणि काही गाड्या मुद्दाम २०-४० आरपीएमची स्लिप धरून चालतात, तो बिघाड नाही, पण ती रेघ स्थिर असली पाहिजे. माझ्याकडे थरथर सुरू झाली की स्लिप ५ वरून ९० वर, परत १०, परत ८०, अशी करवतीच्या दात्यांसारखी दिसते, आणि त्याच वेळी टीसीएम लॉकअप सोलेनॉइडची (क्लचचं प्रेशर सांभाळणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) ड्यूटी, म्हणजे तो चालू राहण्याचं प्रमाण, वाढवत नेतोय, म्हणजे तो प्रेशर मागतोय आणि क्लच धरत नाहीये. एक टीप, साधा स्कॅनर एकदम वीस गोष्टी दाखवायला लावला तर इतका हळू अपडेट होतो की हे दाते दिसतच नाहीत, सरळ रेघ दिसते आणि माणूस फसतो. मी फक्त इंजिन आरपीएम, इनपुट आरपीएम, सोलेनॉइड ड्यूटी आणि ऑइल टेंपरेचर ठेवलं, बाकी सगळं बंद.

हे होतं का? क्लचचं लायनिंग (घर्षणाचा थर) ऑइलमध्ये बुडलेलं असतं आणि ऑइलमधले फ्रिक्शन मॉडिफायर असे काम करतात की घसरण्याचा वेग वाढला की घर्षण कमी होऊ नये. ते संपले किंवा ऑइल चुकीच्या स्पेसिफिकेशनचं असलं की उलटं होतं, मग क्लच चिकटतो-सुटतो-चिकटतो आणि ते आपल्याला सीटमध्ये जाणवतं. म्हणून थरथर म्हटलं की आधी ऑइल. रंग दुधाळ गुलाबी असेल तर ऑइलमध्ये कूलंट शिरलंय, तिथे नुसतं ऑइल बदलून भागत नाही कारण पाणी लायनिंगचा चिकटाच सोडवतं. माझं ऑइल तपकिरी होतं पण दुधाळ नव्हतं, पॅनच्या मॅग्नेटवर बारीक राखाडी लगदा, धातूचे तुकडे नाहीत, हे बघून जिवात जीव आला.

आता ज्यांच्याकडे लॉकअप लागतच नाही त्यांच्यासाठी स्कॅनरवर दिसणारे बिघाडाचे कोड थोडक्यात. पी ०७४१ म्हणजे लॉकअप नीट लागत नाही किंवा सुटाच अडकलाय, पी ०७४२ म्हणजे लागलेलाच अडकलाय (यात गाडी थांबताना इंजिन बंद पडतं), पी ०७४३ म्हणजे सर्किटची गडबड. पी ०७४१ दिसला म्हणून कन्व्हर्टर गेला असं नाही. थर्मोस्टॅट उघडा अडकून इंजिन गरमच होत नसेल किंवा ब्रेक स्विच सतत लागलेला असेल तरी टीसीएम लॉकअप देत नाही, त्यामुळे हे आधी. सोलेनॉइडचा रेझिस्टन्स थंड आणि गरम दोन्ही वेळी मोजा, आकडा आपल्याच गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या, कारण ऑन-ऑफ आणि पल्सवर चालणारे सोलेनॉइड यांचे आकडे वेगळे असतात.

ऑइलबद्दल, पॅनचा बोल्ट काढला तरी कन्व्हर्टरमधलं ऑइल आतच राहतं, एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मंच निघतं. म्हणून ओतायचं, गाडी चालवायची, परत काढायचं. लेव्हल मॅन्युअलमधल्या टेंपरेचरलाच बघितली. पहिल्यांदा बदलल्यावर थरथर निम्मी झाली, परत बदलल्यावर फक्त ऑइल पूर्ण गरम असतानाच येते, ऑइल थंड असताना अजिबात नाही.

आणि हेच मला व्हॉल्व्ह बॉडीकडे (गिअरबॉक्समधलं ऑइलचं प्रेशर वाटणारा व्हॉल्व्हचा ठोकळा) नेतंय. गरम ऑइल पातळ होतं आणि लॉकअप रेग्युलेटर व्हॉल्व्हचा अ‍ॅल्युमिनियमचा बोअर (तो ज्या भोकात सरकतो ते) झिजला असेल तर प्रेशर तिथूनच निसटतं. त्यामुळे आता व्हॉल्व्ह बॉडी उतरवून त्या बोअरची व्हॅक्यूम टेस्ट करायची. व्हॅक्यूम धरला तर मग लायनिंगवरच संशय आणि गिअरबॉक्स खाली. नाही धरला तर ओव्हरसाइज व्हॉल्व्ह टाकून, अ‍ॅडाप्टेशन (टीसीएमने शिकून ठेवलेल्या सेटिंग) रीसेट करून, त्याच चढावर तेच चार ग्राफ परत घेणार.