नकाशासाठी सहा खेपा

हरकत नोंदवायला फार अक्कल लागत नाही. अर्ज लिहायचा, दोन प्रती काढायच्या, एक आवक-जावकला द्यायची आणि दुसरीवर शिक्का घ्यायचा. आमचं घोडं अडलं ते त्याच्या आधी, नकाशापाशी. अजून आठवलं की डोकं फिरतं.

आमच्या पेठेतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयाला मागच्या गल्लीतले तीन वाडे घेऊन नवी इमारत बांधायची होती. जागा विकास आराखड्यात निवासी. ती सार्वजनिक-निमसार्वजनिक विभागात टाकायचा फेरबदल महापालिकेनं महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली काढला. हरकतींना सूचनेच्या तारखेपासून एक महिना. त्यातले अकरा दिवस आम्हाला पत्ताच नव्हता. शेजारच्या वहिनी कपाटात रद्दी अंथरत होत्या, तेव्हा पेपरातली ती बारीक टायपातली जाहिरात त्यांना दिसली.

सूचनेत लिहिलेलं, नकाशा कार्यालयीन वेळेत नागरिकांच्या अवलोकनार्थ उपलब्ध आहे. पहिल्या दिवशी गेले. "साहेब साइटवर गेलेत, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे." दुसऱ्या खेपेला साहेब होते, किल्ली होती, नकाशा मात्र वर नगररचनेत गेलेला. वर गेले, तर "आम्ही कालच खाली पाठवला." तिसऱ्यांदा ज्या मॅडमना माहीत होतं त्या प्रशिक्षणाला. चौथ्यांदा एकदाचा नकाशा समोर आला. हरखून फोटो काढायला मोबाइल काढला आणि बघते तर पेठ आमची नव्हतीच!

मधल्या काळात भावाचा सल्ला, "माहिती अधिकार टाक." दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून टाकलाही. पण २००५ च्या त्या कायद्यात उत्तराला ३० दिवस असतात आणि हरकतीचे माझ्या हातात उरले होते बारा. हे गणित अर्ज टाकण्याआधी करायला हवं होतं. इतका साधा हिशेब मला सुचू नये?

शेवटी वाड्यातले काका कामाला आले. आयुष्य सरकारी टेबलामागे काढलेला माणूस. म्हणाले, "अगं, तू बोलतेस कशाला त्यांच्याशी? लिहून दे." मग पाचव्या खेपेला नकाशा नाही म्हटल्याबरोबर तिथेच बाकावर बसून चार ओळी खरडल्या: आज अमुक तारखेला दुपारी तीन वाजता आले, सूचनेत नमूद केलेला नकाशा दाखवण्यात आला नाही, याआधीच्या खेपांच्या तारखा अशा अशा. आवकला दिलं, शिक्का मारून घेतला. सहाव्या खेपेला नकाशा टेबलावर उलगडून ठेवलेला होता आणि "बसा ना ताई" सुद्धा झालं. पहिल्याच दिवशी हे केलं असतं तर माझ्या चार अर्ध्या रजा वाचल्या असत्या.

नकाशात आमची गल्ली सहा मीटरची दाखवली होती. त्याच संध्याकाळी काका आणि मी टेप घेऊन निघालो. कोपऱ्यावरच्या वाड्याची दगडी पायरी रस्त्यात आलीय, तिथे टेप धरली, तर तीन मीटर चाळीस. काकांनी दोनदा मोजायला लावलं. मोटरसायकल लावलेली असली की तिथून रिक्षासुद्धा तिरकी करून काढावी लागते, तिथे अँब्युलन्स आणि अग्निशमनचा बंब एकदम कसे जाणार? माझ्या हरकतीचा पहिला मुद्दा तोच झाला, टेपच्या फोटोसकट. दुसरा तळघराचा. शेजारच्या वाड्यांचे पाये दगडमातीचे, त्यांना खेटून खोदकाम.

सह्या जमवताना "दवाखान्याला विरोध म्हणजे पाप" हे ऐकावं लागतंच. माझ्या आईचं ऑपरेशन त्याच रुग्णालयात झालं आणि उत्तम झालं. ते मी नाकारत नाही. पण तिला बरं केलं म्हणून तीन वाड्यांतल्या बिऱ्हाडांनी गाशा गुंडाळायचा का? मंडळाची पोरं मात्र न सांगता आली. रुग्णालयाभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र जाहीर होऊ शकतं, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ढोल धोक्यात म्हटल्यावर एका रात्रीत साठ सह्या.

त्या साठही एकाच मजकुराच्या झेरॉक्स, आणि ते सुनावणीला भोवलं. "मजकूर एकच आहे ना? मग एकानेच बोला." ज्यांनी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या घराबद्दल लिहिलं होतं, त्यांना वेगळं ऐकून घेतलं. तेव्हा नमुना वाटू नका, मुद्दे सांगा आणि ज्याचं त्याला लिहू द्या.

कलम ३७ मध्ये बाधित व्यक्तींना नोटीस देऊन त्यांचं म्हणणं ऐकायचं असतं. आमच्याकडे नोटिसा फक्त मालकांना गेल्या, पन्नास वर्षं राहणाऱ्या भाडेकरूंना नाही. हे आम्ही हरकतीत लिहिलं होतं म्हणूनच सुनावणीला भाडेकरूंना आत घेतलं. दारावरचा शिपाई यादीत नाव नाही म्हणत होता. त्याला पोच दाखवली.

प्रस्ताव आता मंजुरीसाठी शासनाकडे गेलाय, निर्णय नाही. वाडे उभे आहेत. सगळ्या पोचा मी आईच्या एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात ठेवल्यात, त्याच रुग्णालयाच्या. दुसरं एवढं मोठं पाकीट घरात नव्हतं.

आणि हो, शिक्क्यावर तारीख नीट उमटली आहे की नाही ते तिथेच, खिडकीसमोर उभं राहून बघा. आमच्या एकीवर नुसती जांभळी गोल चकती आली होती. परत जाऊन मारून आणावी लागली.